चिकाचा डबा

माझ्याकडं ड्रिल मशीन होतं
म्हणून मला बोलावलं.
नाहीतर मी कोण,
शिरोलीच्या फौंड्रीत कास्टिंग घासणारा,
तालमीच्या पोरांत माझं वजन काय?

महापालिकेचा माणूस चुन्याची रेघ ओढून गेला होता.
पत्रा मात्र आमचा.
बंडा गवंड्याच्या गच्चीवरचा,
एका अंगाला जुन्या निवडणुकीचा रंग.
नऊ जण होतो आम्ही.
चौघांनी धरला, एक मोबाइलवर शूटिंग करत होता,
बाकीचे नुसते 'हं, हं' म्हणत होते.
मी केरबाच्या चौकटीत चार भोकं पाडली.
सागवानाचा भुसा माझ्या मास्कवर बसला.
आतनं हौसाक्का म्हणाली,
"जरा वर लाव रं, म्हस डोकं घासती तिथं."

मी वर लावला.
त्या दिवशी एवढंच बरं केलं मी,
आणि तेवढंच सांगत आलोय सगळ्यांना.

म्हशीला कुठलं आलंय लॉकडाऊन.
पहाटे चारला कास तटतटायची,
संध्याकाळी पुन्हा.
एरवी केरबा तिला गंगावेशीच्या कट्ट्यावर न्यायचा,
गिऱ्हाइकासमोर धार काढायचा,
पेल्यात बोटभर फेस,
बाजूला कान मोडलेले पैलवान उभे.
आता धार काढायची आणि मोरीत सोडायची.
पहिल्या दिवशी गटारीतनं पांढरं वाहत आलं
तेव्हा अख्खी गल्ली खिडकीत होती.
कुणीतरी ग्रुपवर टाकलं,
कुत्र्यांना पिऊ देऊ नका.
त्याच्याखाली अंगठेच अंगठे.
एक माझा.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. काही नव्हतं.
साधा ताप.
केरबानं पत्र्यावरनं कागद धरला,
हात तेवढा दिसत होता, मनगटापर्यंत.
आम्ही लांबनंच म्हणालो, बरं झालं, बरं झालं.
पत्रा लावायला नऊ जण होते,
काढायचा कुणी, हे ठरलंच नव्हतं.
वॉर्ड ऑफिस म्हणालं, आम्ही कुठं लावलाय?
खरंच होतं ते.

वडणग्याचा वैरणवाला आधी गल्लीच्या तोंडाला भारा टाकून जायचा.
मग तोही येईना.
एकविसाव्या दिवशी मशीन उलटं फिरवून
मीच स्क्रू काढले, अंधार पडल्यावर.
महिन्याभरात म्हैस गेली, रेडकासकट,
कुणाला, किती रुपयाला,
विचारायचं धाडस झालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ताराबाई पार्कातल्या बँकेत गेलो
तर दारात खाकी शर्ट घालून केरबा.
हातात ते तापाचं पिस्तूल.
माझ्या कपाळावर धरलं त्यानं,
बराच वेळ, असं मला वाटलं.
"छत्तीस पाच. जावा आत."
मला. जावा.
ज्याला उघड्या ढुंगणाचा असल्यापासनं 'अरे' म्हणत आला, त्याला.
बाहेर येताना विचारलं, आक्का?
"हाय."
आणि मागच्या माणसाकडं पिस्तूल वळवलं.

कुठल्या यादीत लिहायचं हे?
आजाराच्या यादीत त्यांचं नाव नाही.
घरात कुणी गेलं नाही.
फक्त आता गल्लीत पहाटे
बादलीच्या कडीचा आवाज होत नाही,
आणि हौसाक्का पाण्याला येते ती
आम्ही सगळ्या घागरी भरून गेल्यावर.

एक डबा राहिलाय आमच्याकडं.
म्हैस व्याली त्या मार्चात
तिनं घरोघरी चीक धाडला होता,
आईनं गूळ-वेलदोडा घालून वड्या थापल्या,
मी चार खाल्ल्या, हुबलाकासारख्या.
झाकणावर टोचलेलं, सौ. हौसाबाई.
पत्रा लागला त्या रात्री आईनं तो डबा
उकळत्या पाण्यात तीनदा बुडवला
आणि माळ्यावर टाकला.

भांडं रिकामं परत करू नये.
आई दर दिवाळीला डबा खाली काढते,
मूठभर तांदूळ घालते,
झाकण लावून उंबऱ्याशी ठेवते
आणि माझ्याकडं बघते.
मी चपला घालतो. कोपऱ्यापर्यंत जातो.
चौकटीवरची चार भोकं अजून तशीच,
लांबी भरली नाही त्यानं.

संक्रांतीपर्यंत तांदळात पोरकिडे होतात.
आई ते पाखडून गच्चीवर चिमण्यांना टाकते
आणि डबा पुन्हा घासायला घेते.